एका दरडीच्या चौदा बातम्या

रेणुका ओव्हाळला बातमीदार व्हायचं नव्हतं. तिला आपली नोकरी आवडायची. आंबीजवळच्या एका कारखान्यात ती नऊ वर्षं माल तपासत होती. गाड्यांना लागणारे नळीसारखे पितळी बुश समोरच्या पट्ट्यावरून यायचे, एकेक उचलून ती गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची. बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. ‘जवळपास बरोबर’ असा ट्रे तिथं नव्हताच.

लग्नानंतर चार वर्षांनी ती घोरावाडीला माहेरी परत आली. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आईवडिलांनी विचारलं नाही. घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. वडील सीताराम रेल्वेतून निवृत्त झालेले, आई येसूबाई. तिथून ती रोज स्कूटरवर आंबीला जायची. वाटेत एक नवा रस्ता झाला. फलकावर रुंदी लिहिली होती पावणेचार मीटर. रेणुकाला तो रस्ता डोळ्यांनाच अरुंद वाटला. एके दिवशी पाळी सुटल्यावर तिनं टेप काढली, दहा ठिकाणी मोजलं आणि पुण्याच्या एका दैनिकाला पत्र धाडलं. रस्ता कुठंच सव्वातीनच्या वर नव्हता. पत्र छापून आलं, रस्ता पुन्हा उकरला गेला आणि दैनिकातून फोन आला, “ताई, तुमच्याकडे आणखी असं काही आहे का?” होतं. वर्षभरात तिनं कारखाना सोडला.

बातमीदारीत तिचं बरं चाललं होतं. आणि तिथंच तिनं एक मोठी चूक केली.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्ल्याच्या बाजूला एका दुपारी पाऊस असा कोसळला, की ओढ्यावरची मोरीच वाहून गेली. रेणुकानं तिथंच उभ्या उभ्या फोनवर बातमी टाइप करून पाठवली, ‘ढगफुटीने मावळ हादरले’. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर नाव झळकलं. सीतारामांनी चष्मा लावून बातमी वाचली, पुन्हा वाचली.

“ढगफुटी म्हंतीस,” ते म्हणाले. “मोजली कुनी?”

“बाबा, मी तिथं उभी होते. डोळ्यांनी बघितलं.”

“डोळ्यानं पाऊस मोजत्यात व्हय? आमी घाटात गस्तीला असायचो, तवा पाऊस लय झाला असं म्हनून चालायचं न्हाई. किती वाजल्यापास्नं, कुटल्या किलोमीटरला, पानी रुळाच्या किती खाली, समदं सांगाय लागायचं. त्याच्यावर गाडी थांबायची.”

नऊ वर्षं जिनं एकही बुश गेजमध्ये घातल्याशिवाय पुढं जाऊ दिला नव्हता, तिनं अख्खा पाऊस न मोजताच पहिल्या पानावर पाठवला होता. ती उठली आणि पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात गेली. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत पाऊस झाला होता ब्याण्णव मिलिमीटर. मग तिनं पुण्यात हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळवला. त्यांचं नाव अनघा दामले. त्यांनी सांगितलं, “तासाभरात शंभर मिलिमीटर पडला तर ढगफुटी म्हणतात. तुमच्याकडे दिवसभरात ब्याण्णव. जोराचा पाऊस झाला, खरं आहे. पण ढगफुटी नाही.”

रेणुकानं दैनिकाला दुरुस्ती छापायला सांगितली. तिकडून विचारणा झाली, “कुणी तक्रार केलीय का?”

“मी करतेय,” ती म्हणाली.

सहाव्या पानावर तळाला चार ओळी आल्या. तिच्या बातम्या सीताराम दर रविवारी विहारात वंदनेनंतर लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या रविवारी त्यांनी तशाच खणखणीत आवाजात त्या चार ओळीही वाचल्या. रेणुका मागच्या रांगेत बसली होती. मान खाली घालावी असं तिला वाटलं, पण तिनं ती घातली नाही.

त्यानंतर तिनं हवामानाचा विषय धरला तो धरलाच. अहवाल इंग्रजीत असायचे. एकेका परिच्छेदाला तास जायचा. अडलं की ती अनघाबाईंना फोन करायची. आधी त्या घाईत बोलायच्या. पुढं पुढं रेणुकाचा फोन आला की खुर्ची ओढून बसायच्या, कारण ही बाई “नक्की किती?” आणि “हे तुम्हाला कशावरून कळलं?” याखेरीज फारसं काही विचारायची नाही आणि छापताना एक शब्द इकडचा तिकडे करायची नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अनघाबाईंच्या संस्थेनं मावळातल्या बातमीदारांसाठी लोणावळ्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. विषय होता, हवामान बदलाची बातमी कशी करावी. बाजारातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चौदा जण जमले. कुणी दैनिकाचे, कुणी साप्ताहिकाचे, तिघा-चौघांची बातम्यांची वेबसाइट, दोघांचं यूट्यूब चॅनेल. त्यांत रेणुकाही होती.

पहिल्या दिवशी अनघाबाईंनी पडद्यावर पृथ्वीचं तापमान दाखवलं, समुद्राची पातळी दाखवली, वितळणारा बर्फ दाखवला. त्या तळमळीनं बोलत होत्या, पण दुपारनंतर मागच्या दोन रांगा मोबाइलमध्ये गेल्या. शेवटी पवन साबळे उभा राहिला. तालुक्यातला हा सगळ्यांत जुना वार्ताहर, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला. “हे उत्तर ध्रुवाचं झालं. आमच्याकडे तीन आठवड्यांमागं औंढ्याच्या वर दरड आली, ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याची भाताची दोन खाचरं गाडली गेली. संपादकाला तीनशे शब्द पाहिजेत. त्यात मी ध्रुव कुठं बसवू?”

सगळे हसले. अनघाबाईही हसल्या. त्यांनी पडदा बंद केला. “खरं सांगू? ते मला नाही सांगता येणार. रेणुकाताई, उद्याचा दिवस तुम्ही घेता का?”

रेणुकानं आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. पण शिकाऊ मुलींना गेज कसं धरायचं ते दाखवलं होतं, तेव्हा तिला वाटलं, यात वेगळं ते काय असणार? “घेते,” ती म्हणाली. “आज घरी जाऊन सगळ्यांनी त्या औंढ्याच्या दरडीवर शंभर शब्द लिहून आणा.”

सकाळी तिनं कार्यालयाच्या मोरीतली लाल बादली आणून मधोमध ठेवली. एकेकानं आपली बातमी वाचायची. प्रत्येक वाक्याला ती एकच प्रश्न करायची, “हे तुम्हाला कशावरून कळलं?” उत्तर असलं तर वाक्य राहील, नसलं तर कागदाचा तेवढा तुकडा फाडून बादलीत. तिला सोडून उरलेल्या तेराही जणांनी पहिल्याच वाक्यात ‘हवामान बदलाचा फटका’ लिहिलं होतं. तासाभरात बादली अर्धी भरली. हातात उरलं ते एवढंच: दरड आली, खाचरं गेली, म्हाताऱ्याचं नाव नवसू आगिवले.

“मग लिहायचं काय?” सारिकानं विचारलं. ती वडगावची, वेबसाइट चालवणारी, चोवीस वर्षांची तडफदार मुलगी. तिचे सगळेच्या सगळे तुकडे बादलीत गेले होते आणि ती धुमसत होती.

“ते इथं बसून नाही कळणार,” रेणुका म्हणाली. “चला.”

दोन जीपमधून सगळे औंढ्याला गेले आणि तिथून चिखलातून वर वाडीवर. नवसू साठीच्या पुढचा, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याची बायको बाया ओट्यावर उभी राहून एवढी माणसं कशाला आली ते बघत होती. सारिकानं माईक पुढं केला.

“आबा, हवामान बदलामुळे तुमचं किती नुकसान झालं?”

नवसूनं तिच्याकडे बघितलं. “कोन बदलला?”

पवन फिसकन हसला. रेणुका मात्र हसली नाही. “सारिका, प्रश्नातच उत्तर घातलंस, तर त्यांनी काय सांगायचं? नुसतं विचार, काय झालं.”

सारिकानं माईक खाली घेतला. “आबा, काय झालं?”

मग नवसू बोलायला लागला. आधी त्यानं बोट केलं ते दरडीकडे नाही, तर शेजारच्या डोंगराकडे. “त्यो बघा. त्याच्यावर काय दुसरा पाऊस पडला? त्योच पाऊस, तीच रात. त्यो जागचा हालला न्हाई. ह्यो हालला. का? तर ह्याचा पाय कापलाय. बंगल्याच्या पलाटाला रस्ता पायजे म्हनून उन्हाळ्यात दोन जेसीबी राबत हुते. आन निघालेली माती कुटं टाकली, तर वहळाच्या तोंडात. पान्यानं जायाचं कुटनं? त्ये माझ्या खाचरात आलं, डोंगर घिऊन आलं.”

सगळे वर चढले. कापलेला डोंगर ओल्या जखमेसारखा लाल दिसत होता. रेणुकानं पिशवीतून टेप काढून सारिकाच्या हातात दिली. एक टोक पवननं धरलं. रस्ता नऊ मीटर रुंद निघाला. खाली ओहोळाचं तोंड मुरमाच्या भरावाखाली पार बुजलं होतं. शेजारच्या न कापलेल्या उतारावर, खरंच, एक दगड निखळलेला नव्हता.

खाली आल्यावर बायानं सगळ्यांना कोरा चहा दिला. कप पुरले नाहीत, तेव्हा दोघादोघांत एक. चहा पिता पिता ती म्हणाली, “दरडीचं समदी इचारत्यात. रोपाचं कुनीच इचारत न्हाई.”

“कसलं रोप, मावशी?” रेणुकानं कप खाली ठेवला.

“भाताचं. मिरगात पेरलं. चार दिस चांगला पडला आन मग अठरा दिस थेंब न्हाई. रोप हितंच करपलं. पुन्ना बियानं आनलं, पुन्ना पेरलं. लावनी लांबली. आन मग आला त्यो एकदमच आला, आठ दिस घराभाईर निघू दिलं न्हाई. ह्ये काय एकाच साली न्हाई. धा-बारा सालात चार येळंला दुबार पेरलं म्या. माजी सासू बोलायची, तिनं उभ्या जल्मात दोनदा पेरलं हुतं.”

अनघाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या हळूच पुढं सरकल्या.

परत येताना जीपमध्ये रेणुकानं मागं वळून विचारलं, “आज हवामान बदलाची बातमी कुठली मिळाली?”

सारिका म्हणाली, “दरडीची नाही. रोपाची.”

“बातमी अजून झाली नाही. हा नुसता माग लागलाय. एका वाडीतल्या एका बाईची आठवण. ती खरी असेलच. पण तीस वर्षांच्या नोंदीशी लावून बघितल्याशिवाय छापायची नाही.”

संध्याकाळी पवननं तिला बाजूला घेतलं. “ताई, हा प्लॉटवाला माझा जाहिरातदार आहे. दिवाळी अंकाचं मागचं पान त्याचंच असतं. माझाच कशाला, निम्म्या लोकांचा आहे. मी बातमी दिली की तो माझं नाव धरणार. तुम्ही आज शिकवून मोकळ्या व्हाल, आम्हाला इथं राहायचंय.”

“मीसुद्धा घोरावाडीलाच राहते, पवनभाऊ. चंद्रावर नाही.” ती जरा थांबली. “तुमच्या एकट्याचं नाव त्याला धरता येईल. चौदा जणांचं कसं धरणार?”

तिसऱ्या दिवशी तिनं कामं वाटली. ही एकट्या कुणाची बातमी नव्हती, म्हणून एकट्यानं सगळं तपासायचंही नव्हतं. दोघांनी वाडीतल्या सगळ्या घरांत जाऊन जबान्या घ्यायच्या. दोघांनी त्या आठवड्याच्या पावसाची नोंद आणायची. एकीनं भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना जागेवर घेऊन जायचं. अनघाबाईंसोबत तिघांनी तीस वर्षांच्या जून महिन्याचे आकडे चाळायचे. सारिकानं प्लॉटवाल्याला त्याची बाजू विचारायची. रस्त्याच्या परवानगीचा कागद कोण काढणार, असं तिनं विचारलं. मग पवन खाकरला. “तहसीलमधल्या क्लार्कला मी वीस वर्षं ओळखतो,” तो म्हणाला. “मी बघतो.”

प्रशिक्षण संपलं, पण माणसं पांगली नाहीत. पुढचे आठ दिवस रेणुकाचा फोन गरम होता. पवननं कागद आणला: परवानगी तीन मीटर रुंद वाटेची होती आणि त्यात ओहोळ मोकळा ठेवायची अट होती. पावसाची नोंद सांगत होती की दरडीच्या दिवशी पाऊस भरपूर झाला, पण त्या नोंदवहीत त्याहून जास्त पावसाचे दिवस दरवर्षी एक-दोन तरी सापडत होते. प्राध्यापकांनीही जागा बघून कापलेल्या उताराकडे आणि बुजलेल्या ओहोळाकडेच बोट दाखवलं. सारिका प्लॉटवाल्याकडून परतली ती डोळे मोठे करून.

“ताई, तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, ‘आम्ही काय करणार, क्लायमेट चेंज आहे हो! सगळ्या जगात चाललंय.’ आणि परवा आम्ही तेरा जणांनी तेच लिहिलं होतं!”

“म्हणजे त्याची बाजू आपण फुकटात मांडत होतो,” रेणुका म्हणाली. “त्याचं वाक्य जसंच्या तसं छाप. त्याच्या खाली परवानगीचा कागद आणि आपली मोजणी. तू एक शब्द जोडू नकोस.”

अनघाबाईंनी एक गोष्ट बजावली. “पावसाचा इथं संबंधच नाही, असंही लिहू नका. सह्याद्रीत जोराचे पाऊस वाढतायत असं अभ्यास सांगतात. म्हणूनच डोंगराचा पाय कापणं आता पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. दोन्ही खरं आहे.” ते वाक्य चौदाही बातम्यांत गेलं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी चौदाही ठिकाणी बातमी आली. एका दैनिकानं आदल्या संध्याकाळी काचकूच केली, तेव्हा त्यांच्या वार्ताहरानं सरळ सांगितलं, उद्या बाकी तेरा जणांकडे येणार आहे आणि आपल्याकडेच का नाही, असं लोक विचारतील. तीही बातमी छापली गेली. प्लॉटवाल्यानं दुपारी पवनला फोन केला आणि बराच वेळ आवाज चढवला. पवननं सगळं ऐकून घेतलं. “साहेब, कागद तुमचाच आहे,” तो म्हणाला. “चुकीचा असेल तर लेखी द्या, तेही छापतो.” लेखी काही आलं नाही. दिवाळी अंकाचं मागचं पान मात्र त्या वर्षी एका वह्यापुस्तकांच्या दुकानाचं निघालं.

पाचव्या दिवशी सरकारी पाहणीचं पथक वाडीवर आलं. रस्त्याचं काम थांबलं. ऑक्टोबरच्या आत ओहोळाच्या तोंडावरचा भराव निघाला आणि पाणी पुन्हा आपल्या वाटेनं जायला लागलं. प्रकरण अजून चालू आहे, त्याचा निकाल लागायचाय. नवसूचं एक खाचर वाडीतल्या लोकांनी दिवाळीनंतर दगड वेचून मोकळं केलं. दुसरं आजही दगडांखालीच आहे. ते बघून रेणुकाला वाईट वाटतं. बातमीनं डोंगर उचलता येत नाही, असं ती म्हणते. पण दुसऱ्या कुणाचं खाचर त्या रस्त्यापायी गेलं नाही, हेही ती त्याच दमात सांगते.

रोपाची बातमी यायला आणखी दोन महिने लागले. तीस वर्षांच्या नोंदी लावून झाल्या तेव्हा दिसलं ते असं: जूनमधला एकूण पाऊस फारसा बदललेला नव्हता, पण तो पडायचे दिवस कमी झाले होते आणि मधले कोरडे खंड लांबले होते. एका ठिकाणच्या नोंदीवरून जेवढं म्हणता येतं तेवढंच त्यांनी म्हटलं. बाकी बायाच्या तोंडून. सारिकानं ती बातमी लिहिली. कृषी खात्याची माणसं ती वाचून वाडीवर आली, थोड्या दिवसांत येणारं आणि पाण्याचा ताण सहन करणारं भाताचं बियाणं दाखवून गेली. बायानं ते घेतलं, पण घरचं जुनं बियाणंही वेगळं राखून ठेवलं. दोन्ही पेरून बघते, म्हणाली.

आता रेणुका महिन्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या तालुक्यात शिकवायला जाते. मुळशी झालं, आंबेगाव झालं, जुन्नरला दोनदा जाऊन आली. तिच्याकडे पडद्यावर दाखवायचं काही नसतं. पहिल्या दिवशी ती आधी बातम्या लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी माणसांना चिखलात नेते. मधल्या काळात एका मोठ्या संस्थेनं तिला पुण्यात कायमची नोकरी देऊ केली, तिनं नम्रपणे नाही म्हणून कळवलं. बातमीदारी सोडली तर शिकवायला काय उरेल, असं तिचं म्हणणं.

यंदाच्या जूनच्या अखेरीस मावळातली नवी तुकडी घेऊन ती पुन्हा औंढ्याच्या वाडीवर गेली. या वेळी बायाला आधीच निरोप दिला होता. शिकवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव अनघाबाईंनी स्वतः घातलं होतं. बाया हिरवं लुगडं नेसून रोपाच्या वाफ्याशी उभी होती. डावीकडे घरचं बियाणं, उजवीकडे नवं. नव्या मुलांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं.

“मावशी, काय झालं यंदा?” एकानं विचारलं.

“कोणत्या तारखेला पेरलंत?” दुसरीनं वही उघडली. “मध्ये किती दिवस पाऊस नव्हता? ते तुम्ही कसं लक्षात ठेवलंत?”

बाया एकेका प्रश्नाला तब्येतीत उत्तर देत होती. मधेच एका मुलाला तिनं वाफ्यात उतरवलं आणि रोप उपटून मुळं मोजायला लावली. रेणुकाला बोलावं असं काही उरलं नव्हतं. ती बांधावर जाऊन बसली, येसूबाईंनी बांधून दिलेली भाकरी सोडली आणि नवसूला हाक मारली, “आबा, या. दोन घास खाऊ. त्यांचं बराच वेळ चालेल.”